असिरियाची फौज आणि तिच्यामागचे दप्तर

इ.स.पू. ७१४च्या उन्हाळ्यात असिरियाचा राजा दुसरा सार्गोन कल्हूहून, म्हणजे आजच्या इराकमधल्या निमरूदहून, उरार्तूवर चालून गेला. उरार्तू हे वान सरोवराभोवतीचे डोंगरी राज्य होते आणि असिरियाला तोडीस तोड असा तो एकच शेजारी उत्तरेला उरला होता. पुराने भरलेल्या दोन झाब नद्या ओलांडून फौज झाग्रोस पर्वतात शिरली. सिमिर्रिया नावाच्या कड्यापाशी रथांना वाट नव्हती. तेव्हा सार्गोनने माणसांच्या हाती तांब्याच्या भक्कम कुदळी दिल्या, खडक फोडून वाट काढली आणि फौज पुढे नेली. पलीकडे मन्नाई लोकांचा राजा उल्लुसुनू वाट पाहत होता. त्याने असिरियन सैन्यासाठी पीठ आणि द्राक्षमद्य यांचे साठे आधीच रचून ठेवले होते, अगदी असिरियाचा एखादा सुभेदार ठेवील तसे. पुढे उआउश पर्वतापाशी उरार्तूचा राजा रुसा फौजेसह उभा होता. लांबच्या चालीने सैनिक थकले होते, तहानेने व्याकूळ होते, आणि त्यांचा शीण घालवायला, छावणी ठोकायला आपल्याला वेळ मिळाला नाही, असे सार्गोन स्वतःच सांगतो. तरीही आपल्या रथाबरोबर सदैव असणारे स्वार घेऊन तो शत्रूवर तुटून पडला आणि लढाई जिंकली. त्यानंतर उरार्तूची गावे लुटताना त्याने धान्याची कोठारे फोडून आपल्याच सैन्याला जव वाटले. परतीच्या वाटेवर मुख्य फौज घरी धाडून अवघ्या एक हजार स्वारांनिशी तो मुसासिर या देवस्थानावर उतरला आणि खाल्दी देवाचे मंदिर त्याने रिकामे केले. ही सारी हकीकत अश्शूर देवाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात एका मातीच्या मोठ्या पाटीवर कोरलेली आहे. पाटी ४३० ओळींची आहे आणि ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

या पत्रात लढाईचे वर्णन आहे, देवाची स्तुती आहे, राजाची फुशारकी तर पानोपानी आहे. पण बारकाईने वाचले की लक्षात येते, या मोहिमेचा कणा वेगळाच आहे. वाट कोणी फोडली, पीठ कोणी साठवले, धान्य कुठे सापडले, किती स्वार पुढे गेले आणि किती घरी परतले, हे या पत्राच्या लेखकाला महत्त्वाचे वाटते. असिरियाचे नाव निघाले की सोललेली कातडी, मुंडक्यांचे ढीग आणि सुळावर चढवलेले कैदी डोळ्यांपुढे येतात. ते खोटे नाही. पण क्रौर्य त्या काळात सर्वांपाशी होते आणि शौर्यही. पश्चिम आशियातल्या डझनभर राज्यांपैकी एकाच राज्याला इजिप्तपासून इराणच्या पठारापर्यंत दीडशे वर्षे दरवर्षी फौज उभी करता आली, आणि त्याचे कारण त्याच्या दप्तरात आहे, असे माझे म्हणणे आहे. असिरियाचे सामर्थ्य रणांगणावर दिसले; घडले ते कोठारात, पागेत आणि मातीच्या पाट्यांवर.

पुरावा पत्रांतूनच घ्यावा, कारण पत्रे स्तुतीसाठी लिहिलेली नसतात. निनवे आणि निमरूद इथे सापडलेल्या राजपत्रव्यवहारात एकट्या सार्गोनच्या कारकिर्दीतली हजाराहून अधिक पत्रे आहेत. त्यांतले एक माझामुआचा, म्हणजे आजच्या सुलेमानियाजवळच्या मुलखाचा, सुभेदार राजाला लिहितो. तो आपल्या शिबंदीची मोजदाद कळवतो आहे. रथ किती, घोडे किती, खेचरांच्या जोड्या किती, असे करत करत तो आचारी, रोटी भाजणारे, शिंपी, गाढवे हाकणारे, पंडित, जासूद या सर्वांची संख्या देतो. मग गुरियन आणि इतुअन या परक्या टोळ्यांतून आलेल्या पायदळाचा आकडा मांडतो आणि सारी बेरीज करून १४३० माणसे हजर असल्याचे सांगतो. एका आडमुलखातल्या सुभेदाराला स्वयंपाक्यांपर्यंतचा हिशेब राजाला द्यावा लागत होता, आणि राजधानीत बसून तो वाचणारा कोणीतरी होता. ज्या राज्याला आपल्या सैन्यात किती भाकरी भाजणारे आहेत हे ठाऊक असते, त्याला ते सैन्य किती दिवस आणि किती दूर जाऊ शकेल हेही ठाऊक असते.

घोड्यांचेही तसेच. असिरियाच्या मूळ मुलखात लढाऊ घोड्यांची पैदास पुरेशी होत नव्हती. ते झाग्रोसपलीकडच्या मेदी मुलखातून आणि उत्तरेकडून खंडणी म्हणून आणावे लागत, आणि इजिप्तपलीकडच्या कुश देशाच्या घोड्यांना रथासाठी विशेष मान होता. सार्गोनचा नातू राजा एसारहद्दोन याच्या काळात नबू-शुमू-इद्दिना नावाचा अधिकारी निनवेला येणाऱ्या घोड्यांचा रोजचा अहवाल राजाला धाडत असे: आज कुठल्या सुभ्यातून किती आले, जोखडाचे किती, स्वारीचे किती. सुमारे तीन महिन्यांच्या या अहवालांत जवळजवळ तीन हजार घोड्यांची नोंद मिळते. हे घोडे आणि शस्त्रे जिथे जमत त्या वास्तूला असिरियन लोक ‘एकल मशर्ती’ म्हणत. ती म्हणजे शस्त्रागार, पागा आणि हजेरीचे मैदान, तिन्ही एकत्र. निमरूदची अशी वास्तू १९५७ ते १९६३ या वर्षांत पुरातत्त्वज्ञ मॅलोवन आणि ओट्स यांनी उकरून काढली. तिथे सापडलेल्या पाट्यांत घोड्यांच्या याद्या आहेत आणि रथदळाच्या अधिकाऱ्यांची नावेही आहेत. इ.स.पू. ७२२मध्ये इस्रायलची राजधानी समारिया पडली. तिथले ५० रथ आपण राजसैन्यात सामील करून घेतल्याचे सार्गोन एका शिलालेखात सांगतो. निमरूदच्या याद्यांत समारियाच्या रथपथकातले अधिकारी नावांनिशी पगारी नोकर म्हणून उभे आहेत. हरलेल्या शत्रूचे उत्तम दळ मोडून टाकण्याऐवजी त्याची नोंद करून ते स्वतःच्या सेवेत घेण्याची ही रीत मला असिरियाच्या कुठल्याही विजयापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते.

हे सारे एका रात्रीत उभे राहिले नाही. नवव्या शतकात दुसरा अशुरनासिरपाल आणि त्याचा मुलगा तिसरा शल्मनेसर यांनी दूरवर स्वाऱ्या केल्या, पण त्या बहुतांशी खंडणी गोळा करून परतण्याच्या होत्या. इ.स.पू. ८५३मध्ये ओरोन्तेस नदीकाठी करकर येथे शल्मनेसरला दमास्कस, हमाथ, इस्रायल आणि इतर राजांच्या जुटीने अडवले. त्याने विजयाचा दावा केला, तरी पुढची काही वर्षे त्याला त्याच जुटीशी पुन्हा पुन्हा लढावे लागले. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात तर मोठमोठे सुभेदार जवळजवळ स्वतंत्र झाले होते. इ.स.पू. ७४५मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर गादीवर आला आणि चित्र बदलले. त्याने मोठे सुभे तोडून लहान केले, जिंकलेला मुलूख मांडलिकाकडे न ठेवता थेट खालसा करून आपला अधिकारी बसवला, आणि सुभेदारांच्या शिबंदीबरोबरच राजाची स्वतःची खडी फौज वाढवली. राजमार्गावर ठराविक अंतराने ठाणी होती. तिथे ताजी खेचरे आणि ताजे जासूद तयार असत, त्यामुळे किलिकियासारख्या सातशे किलोमीटर दूरच्या सीमेवरून निघालेला निरोप पाच दिवसांच्या आत असिरियात पोचत असे. सरहद्दीवरचा बंडखोर आपली माणसे जमवत असतानाच राजधानीला त्याची खबर असे. त्या काळी कोणाही प्रतिस्पर्ध्यापाशी एवढी जलद यंत्रणा नव्हती.

असिरियाच्या यशाचे श्रेय लोखंडाला देण्याची एक जुनी प्रथा आहे. लोखंडी शस्त्रे हाती आली आणि काशाची शस्त्रे वापरणाऱ्या शेजाऱ्यांवर मात झाली, असे हे सोपे स्पष्टीकरण आहे. ते टिकत नाही. नवव्या-आठव्या शतकात लोखंड उरार्तूपाशी होते, सीरियातल्या राज्यांपाशी होते, यहुदाच्या डोंगरातही होते. असिरियाला धातूचे गुपित सापडले नव्हते. पण १८५०च्या दशकात फ्रेंच वकील व्हिक्टर प्लास याने खोर्साबाद इथे सार्गोनच्या राजवाड्यात खोदकाम केले, तेव्हा एका कोठारात लोखंडाचा सुमारे १६० टनांचा साठा निघाला. धातू सर्वांपाशी होता. एवढा साठा करून, मोजून, हवा तेव्हा हवा तिथे पोचवण्याची सोय एकाच राजापाशी होती. लोखंडाच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत मोठा पुरावा अशा रीतीने कोठाराचाच पुरावा ठरतो. शस्त्रविद्येतली खरी सुधारणा हळूहळू झाली आणि ती शिल्पांतून स्पष्ट दिसते. अशुरनासिरपालच्या काळात घोडेस्वार जोडीने जात. एक धनुष्य चालवी आणि दुसरा दोन्ही घोड्यांचे लगाम धरी. दोन शतकांनंतरच्या शिल्पांत प्रत्येक स्वार आपला घोडा आपण सांभाळून बाण सोडतो. अशी घोडेस्वारी वर्षानुवर्षांच्या तालमीने येते, आणि तालमीला पागा, चारा आणि पगार लागतो.

दहशतीचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. अशुरनासिरपाल आपल्या शिलालेखांत बंडखोरांची कातडी सोलून तटावर ताणल्याचे, माणसे जिवंत जाळल्याचे अभिमानाने सांगतो. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. त्याच्या निमरूदच्या राजवाड्यातले काही शिलापट आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ब्रिटिश उत्खननकर्ता लेयर्ड याने उकरलेल्या मूर्ती आणि पट बसरा ते मुंबई ते लंडन अशा वाटेने गेले, त्या प्रवासाची ही खूण. अशा शिल्पांनी भरलेल्या दालनांतून परराज्यांचे वकील जात असत आणि त्यांना घाबरवणे हा राजाचा हेतू होता, यात शंका नाही. पण भीतीनेच जर राज्य चालले असते, तर बंडे कमी व्हायला हवी होती. ती झाली नाहीत. अर्पाद शहराला तीन वर्षे वेढा घालावा लागला. बाबिलोनने पुन्हा पुन्हा उठाव केले, सार्गोनचा मुलगा सेन्नाखेरिब याने इ.स.पू. ६८९मध्ये ते शहर उद्ध्वस्त केले, तरी त्याच्या नातवाच्या काळात तिथेच चार वर्षांचे यादवी युद्ध पेटले. भीती एकदा उपयोगी पडते. दुसऱ्यांदा तिच्यामागे खरी फौज असावी लागते आणि ती वेळेवर पोचावी लागते.

शिवाय दहशतीचा पर्यायही असिरियनांना ठाऊक होता. बाबिलोनमधल्या एका बंडाच्या वेळी तिग्लथ-पिलेसरचे दोन अधिकारी शहराच्या वेशीपाशी उभे राहून आतल्या नागरिकांशी बोलत होते, वेस उघडली तर तुमचे हक्क सांभाळले जातील, असे समजावत होते; त्यांचे तसे पत्र राजाला गेलेले आहे. इ.स.पू. ७०१मध्ये जेरुसलेमच्या तटाखाली असिरियन अधिकाऱ्याने लोकांना कळावे म्हणून त्यांच्याच भाषेत भाषण केले, हे तर बायबलच्या राजांच्या ग्रंथात आहे. हल्ला हा शेवटचा उपाय होता, कारण तो महाग होता, आणि त्यांचे हिशेबनीस त्याची किंमत जाणत होते. निनवेच्या शिल्पांत एक दृश्य वारंवार येते. शिपाई शत्रूची मुंडकी आणून ढीग करत आहेत आणि शेजारी दोन लेखक उभे आहेत. एक मेणपाटीवर कीलाक्षरांत अक्कडी भाषेत लिहितो आहे, दुसरा चामड्याच्या गुंडाळीवर अरामी लिपीत. आपली नजर मुंडक्यांवर जाते. शिल्पकाराने मात्र त्या दोन लेखकांना तितक्याच ठळकपणे कोरले आहे.

या लेखकांनी क्रौर्य सौम्य केले, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्यांनी ते टिकाऊ केले. जिंकलेल्या लोकांना उपटून शेकडो मैलांवर नेऊन वसवणे हे असिरियाचे सर्वांत भयंकर शस्त्र होते आणि ते पूर्णपणे कारकुनी शस्त्र होते. सार्गोन समारियातून २७,२९० माणसे नेल्याचे सांगतो. सेन्नाखेरिब यहुदातून २,००,१५० जीव बाहेर काढल्याचा दावा करतो आणि हा आकडा बहुधा फुगवलेला आहे. पण हेतूबद्दल संशय नको. तिग्लथ-पिलेसरच्या काळातला एक अधिकारी राजाला कळवतो की, स्थलांतर करवायच्या अरामी लोकांना शिधा, कपडे, पाण्याची पखाल, जोडे आणि तेल देण्याची तजवीज करतो, फक्त गाढवे अजून आलेली नाहीत, ती आली की तांडा रवाना करीन. हे पत्र वाचून कोणाला त्यात दया दिसेल. मला त्यात अधिक भीषण गोष्ट दिसते. माणसे ही राज्याची मालमत्ता ठरली होती, म्हणून ती वाटेत मरू द्यायची नव्हती. त्यांची शेती, त्यांचे कसब, त्यांची लढाऊ मुले पुढच्या मोहिमेसाठी हवी होती. कोणा कुटुंबाचे घर, दफनभूमी, देव मागे राहिले याची नोंद कुठल्याही पाटीवर नाही.

राजांचे लेख म्हणजे आत्मस्तुती, त्यांवरून एवढा निष्कर्ष कसा काढायचा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ७१४च्या त्या साऱ्या मोहिमेत आपले एक रथी, दोन स्वार आणि तीन पायदळी एवढेच लोक पडले, असे सार्गोन देवाला सांगतो, आणि ते कोणी खरे मानू नये. इ.स.पू. ७२०मध्ये देर येथे एलामच्या सैन्याला हरवल्याचे तो लिहितो. बाबिलोनचा बखरकार मात्र तिथे एलामचा जय झाल्याचे नोंदवतो. पण माझा मुद्दा राजांच्या विजयांवर उभा नाही. तो पत्रांवर, याद्यांवर, पागेच्या भिंतींवर आणि लाखीशच्या मातीवर उभा आहे. यहुदातल्या या तटबंद शहराला सेन्नाखेरिबने ७०१मध्ये वेढा घातला. त्याच्या निनवेच्या राजवाड्यातल्या शिल्पात दगडांचा चढता उतार आणि त्यावरून तटावर जाणारी धडकयंत्रे दिसतात. वरून पेटते पलिते पडत आहेत आणि यंत्रातला एक शिपाई मोठ्या पळीने पाणी ओतून ते विझवतो आहे. हा उतार कल्पनेतला नाही. तो आजही इस्रायलमध्ये जागेवर आहे आणि पुरातत्त्वज्ञ डेव्हिड उसिश्किन यांनी तो तपासला आहे. हजारो टन दगड बाणांच्या माऱ्यात उभे राहून रचले गेले. आतल्या लोकांनी तटामागे उलटा उतार रचून जिवाच्या आकांताने प्रतिकार केला. जागोजाग लोखंडी बाणाग्रे सापडली. शिल्प, शिलालेख, बायबल आणि उत्खनन या चौघांचे या वेढ्याबद्दल एकमत आहे, आणि अशी साक्ष प्राचीन युद्धांत फार थोड्यांना मिळते. याच मोहिमेत जेरुसलेम मात्र पडले नाही. सेन्नाखेरिबही ते घेतल्याचे म्हणत नाही. तिथला राजा हिज्किया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले आणि खंडणी घेतली, एवढेच तो सांगतो.

रसदीच्या जोरावर असिरियाची धाव कुठवर गेली, हे एसारहद्दोनच्या इजिप्त स्वारीत दिसते. इ.स.पू. ६७४चा पहिला प्रयत्न फसला, असे बाबिलोनची बखर सांगते आणि एसारहद्दोनचे शिलालेख त्यावर गप्प आहेत. ६७१मध्ये तो पुन्हा निघाला. सिनाईच्या वाळवंटात पाणी नव्हते, म्हणून त्याने अरब टोळीप्रमुखांचे उंट जमवले आणि त्यांच्यावर पाण्याच्या पखाली लादल्या. फौज पार झाली आणि मेम्फिस पडले. पण याच राजाच्या दप्तरात दुसऱ्या प्रकारच्या पाट्याही आहेत, शमश देवाला कौल लावण्याच्या. घोड्यांची खंडणी आणायला मेदी मुलखात दळ पाठवले तर ते सुखरूप परत येईल का, मेदी, मन्नाई किंवा शक लोक त्याच्यावर हल्ला करतील का, असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले आहेत. जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाला घोडे मिळतील की नाही याची चिंता लागली होती. मुसासिर आणि मेम्फिसच्या वैभवाखाली झिजत असलेली जागा इथे दिसते.

मग एवढे सुसंघटित राज्य सतरा-अठरा वर्षांत नाहीसे कसे झाले? माझ्या म्हणण्यावरचा हा सर्वांत कठीण आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर त्याच संघटनेत आहे. जी फौज दर आठवड्याला सुभ्यांकडून येणारे घोडे, धान्य, कारागीर आणि खबरी यांवर उभी असते, तिचे सुभे तुटू लागले की एखाद्या लढाईत हरण्याआधीच ती आतून रिकामी होते. एसारहद्दोनचा मुलगा अशुरबनिपाल आणि त्याचा भाऊ शमश-शुम-उकिन यांच्यातल्या ६५२ ते ६४८च्या यादवीने दक्षिणेचा विश्वास संपवला. अशुरबनिपालनंतर गादीचे तंटे झाले. ६२६मध्ये नबोपोलस्सर बाबिलोनचा राजा झाला. पूर्वेचे घोडे मेदी लोक आता स्वतःच वापरत होते. ६१४मध्ये त्यांनी अश्शूर नगर घेतले आणि ६१२मध्ये बाबिलोनी फौजेसह तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर निनवे जिंकले. निनवेच्या हल्झी वेशीत उत्खननकर्त्यांना सापडलेल्या सांगाड्यांत लढणाऱ्यांचे आहेत तसे मुलाचेही आहेत.

उत्तरेला तिग्रिसकाठी, आजच्या तुर्कस्तानात दियारबाकिरजवळ, तुश्खान हे असिरियाचे सुभ्याचे ठाणे होते. तिथल्या झियारेत तेपे या टेकाडात त्याच सुमाराचे एक पत्र मिळाले. लिहिणारा मन्नू-की-लिब्बाली नावाचा अधिकारी आहे. त्याला सैन्य उभे करण्याचा हुकूम आलेला आहे आणि तो आपल्याजवळ काय नाही ते सांगतो: घोडे नाहीत, असिरियन लेखक नाहीत, अरामी लेखक नाहीत, तुकड्यांचे नायक नाहीत, तांबट नाहीत, लोहार नाहीत, सुतार नाहीत, धनुष्ये करणारे नाहीत, बाण करणारे नाहीत, विणकर आणि शिंपी नाहीत. मी कोणाच्या बळावर हुकूम चालवू, असे तो विचारतो आणि यात मृत्यूच येणार, कोणी सुटणार नाही, असे म्हणून पत्र संपवतो. सैनिक पळाले म्हणून तो रडत नाही. सैन्य ज्यांच्यामुळे सैन्य होते ती माणसे गेली, हे त्याला नेमके कळले होते. शेवटचा राजा दुसरा अशुर-उबल्लित हरानला जाऊन इजिप्तच्या मदतीने आणखी तीन वर्षे तग धरून राहिला. इ.स.पू. ६०९मध्ये हरान परत घेण्याचा त्याचा प्रयत्न फसला आणि त्यानंतर त्याचे नाव कुठल्याही नोंदीत येत नाही.